ताईचं साक्षगंध आणि माझा कूलर

बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले आणि चप्पल काढायच्या आतच मी जाहीर केलं की आता मी कॉलेजात जाणार नाही. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. आई फक्त उठली, ओट्यावरचा मिक्सर उचलला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावून परत पोळ्या लाटायला बसली.

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो मिक्सर मी मोबाईलवर बघून दुरुस्त केला होता. दुरुस्त म्हणजे एकदम पक्का! आधी तो सुरूच होत नव्हता, मी हात लावल्यावर तो बंदच होईना. तो थांबवायला घराचा मेन स्विच पाडावा लागायचा. त्यामुळे आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी वाटली की बाबांच्या टीव्हीवरच्या बातम्या जायच्या आणि बाबा स्वयंपाकघराकडे बघून म्हणायचे, "झाली वाटते चटनी."

पण माझं म्हणणं साधं होतं. कॉलेजात जाऊन माणूस तीन वर्षांत जे शिकत नाही, ते मोबाईलवर तीन दिवसांत शिकता येतं. वायरिंग, नळ, शिवण, सुतारकाम, सगळं! आमच्या वडनेरच्या निम्म्या पोरी रोज एसटीनं हिंगणघाटला जाऊन बी.ए. करतात. माझी चुलत बहीण तर एम.ए. आहे आणि बल्ब गेला की नवरा शेतातून येईपर्यंत अंधारात बसते. (तिला हे मी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती आमच्याकडे येत नाही, ते एक बरं झालं.)

बाबांना मात्र पोरीच्या नावापुढे बी.ए. पाहिजेच होतं. "लग्नपत्रिकेत काय छापू? प्राची, कंसात मिक्सर?"

"मी सोता कमावून दाखवतो म्हनलं ना बाबा! हातात कला पायजे मानसाच्या." (आमच्याकडे पोरी पण 'दाखवतो'च म्हणतात.)

"कला दिसून राह्यली ना. नळ उलटा फिरते आपला."

नळ उलटा फिरत होता हे खरं. पण पाणी तर सुलटंच पडत होतं ना!

असं आमचं महिनाभर चाललं. तेवढ्यात ताईचं लग्न जुळलं. मुलगा सिंदी मेघेचा, नोकरीवाला, शांत. साक्षगंध (तुमच्याकडचा साखरपुडा) आमच्याच घरी करायचं ठरलं, आणि तेही मे महिन्यात. आता मे महिन्यात आमच्या भागात काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दुपारी कुत्रीसुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जायचं झालं तर आधी विचार करतात. अशा दिवसांत पाहुण्यांना पोटाला कमी दिलं तर ते विसरतील, पण कूलरची हवा लागली नाही तर सोयरीक मोडेल! आणि आमचा बैठकीच्या खिडकीतला लोखंडी कूलर नेमका खालून सडला होता. टाकीला एवढी भोकं, की वरून पाणी ओतलं की खाली अंगण सारवता यावं.

बाबा मिस्त्रीला बोलवायला हिंगणघाटला गेले. मे महिन्यात कूलरचा मिस्त्री म्हणजे पितृपक्षातला कावळा, सगळीकडून त्यालाच हाका! तो म्हणाला, जूनमध्ये येतो. जूनमध्ये आमच्याकडे पाऊस येतो, हे बाबांनी त्याला सांगून पाहिलं. तरी तो जूनलाच येतो म्हणाला.

बाबा घामाघूम होऊन परतले तेव्हा मी दारातच उभी होते.

"बाबा, मी करतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. तिन्हीकडून काही मदत येईना, तेव्हा ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. शर्त लाव. साक्षगंधाच्या दिवशी कूलर चालवून दाखव. एक बी पाहुना घामानं ओला झाला नाई, तर तुले बी.ए.चं नाव काढनार नाई मी. जे शिकाचं ते शीक. पन एक जरी पाहुना घामानं ओला दिसला, तर जून मईन्यात गुमान हिंगणघाटची एसटी पकडाची."

"मंजूर!"

"आई, तू साक्षीदार," ताई आतून ओरडली. "आनि मी सांगून ठेवतो, माह्या साक्षगंधात काई गडबड झाली ना, तर हिले घरात ठेवजा नोको!"

मी मोबाईल उघडला. एका माणसानं गळक्या टाकीवर असा उपाय दाखवला होता की माझे डोळेच पाणावले. टाकी गळते ना? गळू द्या! ती भोकं बुजवायचीच नाहीत. उलट त्यातलं एक भोक मोठं करायचं, त्याला पाइप लावायचा आणि तो खाली ठेवलेल्या मोठ्या ड्रममध्ये सोडायचा. मोटर टाकीत नाही, ड्रममध्ये. ड्रममधून पाणी वर, खसच्या (तुमच्या वाळ्याच्या) ताट्यांवरून खाली, परत ड्रममध्ये. दिवसभर बादल्या ओतायची कटकटच नाही! मी निळा प्लास्टिकचा ड्रम आणून खिडकीखाली मागच्या अंगणात ठेवला, झाकणाला भोक पाडलं, मोटर आत लटकवली, कूलरला नव्या खसताट्या लावल्या आणि टाकीची बाकीची भोकं एम-सीलनं बुजवली. (भोकं बुजवायचीच नाहीत हे मलाही पटलं होतं, पण हात शिवशिवत होते.) दोन बादल्या पाणी टाकून चालवून बघितलं. अशी गार हवा आली की बाबा काहीतरी बोलायला आले आणि तिथंच झोपले.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. मागच्या अंगणात आचारी शंकरभाऊंनी चूल मांडली. आलूवांगं, वरण-भात, पोळ्या, बुंदी आणि मठ्ठा. मठ्ठ्याशिवाय आमच्याकडची उन्हाळ्यातली पंगत उठतच नाही. मी मात्र सकाळपासून काकूच्या तावडीत होते. ती मला आयुष्यातली पहिली साडी नेसवत होती, आणि चौदा पिना लावल्यामुळे मला मान सोडून काही हलवता येत नव्हतं. ड्रम भरायचा राहिला आहे हे आठवलं तेव्हा मी तिथूनच, खिडकीतून, ओरडले,

"शंकरभाऊ! तो खिडकीखालचा निळा ड्रम काठोकाठ भरून ठेवजा!"

"हाव बाई! भरतो ना!"

बस. एवढंच बोलणं झालं. मी पाणी म्हणाले नाही. ड्रम भरायचा म्हटल्यावर पाणी म्हणायचं असतं का? आणि ज्या माणसाच्या डोक्यात सकाळपासून शंभर पानांचा मठ्ठा फिरतो आहे, त्याला ड्रम भर म्हटल्यावर तो कशानं भरेल, हे ओळखायला कोणत्या मोबाईलवर शिकवतात?

पाहुणे आले. जीपमधून उतरले तेव्हा सगळे वाफाळलेले होते. पुढे होते मुलाचे मोठे बाबा (तुमच्याकडचे थोरले काका), निवृत्त हेडमास्तर. त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी चहात साखर घालत नाही, असं आम्हाला आधीच कळलं होतं. मंडळी बैठकीत गादीवर टेकली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पिनांसकट जमेल तेवढी ऐटीत पुढे झाले आणि कूलरचं बटण दाबलं.

हवा आली. गार! आणि काय सुगंध!

"वा!" मोठे बाबांनी डोळे मिटले. "इतकी थंड हवा! आणि हा खसचा वास वेगळाच आहे हो. आमच्याकडच्या ताट्यांना येत नाही असा."

मी पण श्वास घेतला. वास ओळखीचा होता. जिरं? हिंग? पण मागे स्वयंपाक चालू होता, तेव्हा वास येणारच!

"आमच्या प्राचीनं बनवला ना हा कूलर," बाबा म्हणाले. माझा विश्वास बसेना. हे आमचे बाबा! "कोठी शिकली नाई, काई नाई. सोताच्या डोक्यानं! मी तर म्हनतो, कॉलेजात काय ठेवलं आहे?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी खाली मान घालून लाजले आणि मनातल्या मनात हिंगणघाटच्या एसटीला टाटा केला.

मोठे बाबांनी मग मला समोर उभं करून कूलर कसा चालतो ते विचारलं. मी सांगितलं. पाणी वर जातं, ताट्या भिजतात, हवा थंड होते. मी सांगत होते आणि मोठे बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मला वाटलं, माझ्या हुशारीमुळे. पण मग मुलाची आई रडायला लागली. मग मुलाची मावशी. मग तर खुद्द होणारे भाऊजी, ज्यांच्या शेजारी ताईला नुकतंच आणून बसवलं होतं, ते रुमाल काढून हुंदके देऊ लागले! (आमच्या शंकरभाऊंच्या मठ्ठ्यात मिरची कमी नसते. पण ते ज्ञान अजून यायचं होतं.)

"किती मायाळू मानसं आहेत वं," आई दारातून भरल्या आवाजात काकूला म्हणाली. "आतापासूनच जीव लावून राह्यले पोरीले."

ताईला तसं वाटत नव्हतं. तिनं पदराआडून भाऊजींना हळूच विचारलं, "तुमाले हे लग्न कराचं नाई का?"

"आहे ना करायचं!" भाऊजी डोळे चोळत म्हणाले.

"मंग रडून काऊन राह्यले?"

"मला नाही माहीत हो!"

आता ताई पण रडायला लागली, पण तिचं वेगळ्या कारणानं. बैठकीत सगळेच रडत होते. दाराशी उभ्या असलेल्या शेजारणींनी रीत समजून डोळ्याला पदर लावले. साक्षगंधाला आलेला एक म्हातारा चुकून "कधी वारले?" असं विचारून गेला.

तेवढ्यात मावशींनी ओठावरून जीभ फिरवली. "खारट काऊन लागून राह्यलं?"

"रडलात ना, म्हणून," मोठे बाबा म्हणाले. मास्तर होते, त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. मग त्यांनी पण ओठ चाटला आणि विचारात पडले. त्यांच्या काळ्याभोर मिशीवर पांढरे ठिपके दिसायला लागले होते. मला वाटलं, रंग उतरतो आहे. अशा वेळी बघितलं न बघितलं करायचं असतं, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. कॅलेंडरवर पण पांढरे ठिपके होते.

इतक्यात मागच्या दारातून शंकरभाऊ आत आले आणि बाबांच्या कानात कुजबुजले. शंकरभाऊंची कुजबुज सहसा चौकापर्यंत जाते.

"भाऊ, मठ्ठा आटून राह्यला!"

"आटून? म्हंजे?"

"अजून पंगत बसली नाई आनि ड्रम अर्धा! कोन पिऊन राह्यलं, देवाले मालूम!"

बाबांनी घाईघाईनं हसून पाहुण्यांकडे बघितलं. "पानी टाक त्यात. हो बाहेर!"

शंकरभाऊंनी कूलरच्या ड्रममध्ये, म्हणजे मठ्ठ्याच्या ड्रममध्ये, दोन घागरी पाणी आणि वरून उरलेलं दही ओतलं. इकडे मला वाटत होतं की हवा मंद झाली. झालीच होती! ताट्यांमध्ये सांबार (तुमची कोथिंबीर) अडकून हवा यायची जागाच बुजत चालली होती. मोठे बाबांनी रुमालानं कपाळ टिपलं. घाम? एक पाहुणा, नुसता एक, आणि तोही नेमका मोठे बाबा! माझ्या डोळ्यांपुढे एसटी आली, तिच्या काचेवर हिंगणघाट लिहिलेलं, आणि आत खिडकीपाशी बसलेली मी, मांडीवर इतिहासाचं पुस्तक.

मी धावले आणि कूलरचं बटण एकदम शेवटच्या नंबरावर फिरवलं.

मोठे बाबा त्याच क्षणी उभे राहून चार शब्द बोलायला लागले होते. "दोन घरांचं हे मीलन म्हणजे, दुधात साखर..." एवढ्यात फट्ट! कूलरमधून दह्याचा एक भलामोठा गोळा सुटला आणि त्यांच्या चष्म्यावर बसला. त्यामागून सांबार, मिरच्या आणि मग सरसर सगळा मठ्ठाच! फवारणी पंपासारखा डावीकडून उजवीकडे, सोयरेधायरे, मानपान, कुणाला सोडलं नाही. मावशींच्या अंबाड्यात कढीपत्त्याचं पान खोवलं गेलं. भाऊजींचा निळा कोट पांढरा झाला. ताई तर आधीपासूनच तोंड झाकून बसली होती, तिचा एकटीचा चेहरा तेवढा वाचला.

"बंद कर वं! बंद कर!" बाबा ओरडले.

मी बटण फिरवलं. ते बंद होईना. (मी दुरुस्त केलेलं होतं.) शेवटी आई धावत गेली आणि तिनं सरावाच्या हातानं मेन स्विच पाडला.

भिंतीवरून मठ्ठा खाली उतरण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता, आणि कुठून तरी आमची मांजर येऊन मोठे बाबांच्या चपला मन लावून चाटत होती.

मी मागे धावले. तोवर सगळे माझ्यामागे धावलेच होते. ड्रमचं झाकण उघडलं. आत पांढरं पाणी, त्यात लटकलेली माझी मोटर, आणि मोटरभोवती नारळाएवढा, पिवळसर, मऊ, सुंदर गोळा!

"लोनी!" आईच्या तोंडून निघालं. तिनं आत हात घातला आणि पहिल्यांदा ते लोणी वाटीत काढून घेतलं, मग कपाळावर हात मारला.

"शंकरभाऊ!" मी किंचाळले. "ड्रममध्ये पानी भराले सांगतलं होतं ना!"

"पानी कोठी म्हनली तू? भर म्हनली, भरला! दही टाकलं, पानी टाकलं, मसाला टाकला."

"आनि आत मोटर दिसली नाई तुमाले?"

"दिसली ना! म्हनलं, घुसळाची नवी मशीन आनली असन पोरीनं. मोबाईलवर शिकते ना ते! म्हनून तर मी रवीच लावली नाई. म्हनलं, मशीनच घुसळन." मग ते माझ्या मोटरकडे कौतुकानं बघून म्हणाले, "पन काम चांगलं करते हो!"

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या भुवईवरून एक थेंब ओघळत होता. "प्राचे. जून मईना. एसटी."

हा निकाल मला मान्य नव्हता. एवढं सगळं झालं तरी शर्त ती शर्त! "बाबा, तुमी काय म्हनलं होतं? एक बी पाहुना घामानं ओला झाला नाई पायजे. सांगा, कोन झाला घामानं ओला?"

"सारे ओले आहेत!"

"घामानं?"

ताई म्हणाली, "हिले कोनीतरी मारा." पण आता न्याय करायचा तर तो एकाच माणसानं. सगळ्यांनी मोठे बाबांकडे बघितलं. मोठे बाबांनी चष्मा काढला, पुसला, बोटाला लागलेलं चाटलं आणि शर्त काय होती ते नीट विचारून घेतलं. मग त्यांनी गंभीरपणे स्वतःच्या बाहीचा वास घेतला, भाऊजींच्या कोटाचा वास घेतला, मावशींकडे वळले, पण मावशी मागे सरकल्या.

"घाम नाही," ते म्हणाले. "हा मठ्ठा आहे. मुलगी जिंकली."

मी आनंदानं उडी मारली. दोन पिना तुटल्या.

"पण," मोठे बाबांनी बोट वर केलं. मास्तरांचं बोट वर गेलं की काहीतरी वाईट होतं, हे मी शाळेतच शिकले होते. "ज्या मुलीला कूलरमधून लोणी काढता येतं, तिनं बी.ए. करूच नये. तिचा तो पिंडच नाही. हिला डेअरीला टाका! दुधाचं शास्त्र शिकवणारं कॉलेज असतं. माझ्या ओळखीचे आहेत तिथं. मी बोलतो."

"मोठे बाबा, पन मले कॉलेजातच..."

"बी.ए.चं नाव काढनार नाई म्हनलं होतं मी," बाबा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते मनापासून हसले. "आता कोन काढून राह्यलं बी.ए.चं नाव?"

ताईचं साक्षगंध मात्र व्यवस्थित पार पडलं. पाहुण्यांनी आंघोळी केल्या, बाबांचे-काकाचे सदरे घातले, आई-काकूच्या साड्या नेसल्या आणि मठ्ठ्याशिवायच्या पंगतीला बसले. भाऊजी बाबांच्या झब्ब्यात इतके बिचारे दिसत होते की ताईला त्यांची दया आली, आणि तिथूनच त्यांचं जमलं. मोठे बाबा तर गरम पोळीवर लोणी घेऊन म्हणाले की असं लोणी त्यांनी जन्मात खाल्लं नाही. त्यात थोडी खसची चव होती, पण ते कुणी बोललं नाही.

जूनमध्ये मी एसटी पकडली. हिंगणघाटची नाही, त्याच्या दुप्पट लांबची. पूर्ण रस्ताभर मी खिडकीतून बाहेर बघत स्वतःला समजावत होते की निदान एका विषयात तरी मी सगळ्या वर्गाच्या पुढे असेन. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी प्रत्येकासमोर दही ठेवलं आणि लोणी काढायला सांगितलं. सगळ्यांचं निघालं. मी दोन तास घुसळलं, घामानं डोक्यापासून पायापर्यंत ओली झाले, पण लोण्याचा एक कण दिसेना. सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"काय अडचण आहे?"

"सर," मी विचारलं, "इथं कूलर मिळेल का?"